तळहाताएवढे रबर

प्रवासवर्णने लिहिणाऱ्या मंडळींचा एक अन्याय मला पुष्कळ दिवसांपासून खुपतो आहे. डोंगर, नद्या, देवळे, धर्मशाळा, वाटेत भेटलेला म्हातारा, त्याने पाजलेला चहा, सगळ्यांवर ही मंडळी भरभरून लिहितात. पण ज्या रबराच्या तुकड्यावर बसून त्यांनी हे सारे पाहिलेले असते, त्याच्याविषयी चकार शब्द नाही! आगगाडीने जाणाऱ्याला हे क्षम्य आहे. मोटारसायकलवाल्याला मात्र मुळीच क्षम्य नाही. मोटारसायकल धावत असताना तिचे पुढचे चाक जमिनीला टेकते ते तळहाताएवढ्या जागेत, आणि मागचे त्याहून थोडे अधिक. गाडी, माणूस, त्याचे सामान आणि घरी वाट पाहणाऱ्यांचा जीव, एवढ्याचा भार या दोन तळहातांवर असतो. यंदाच्या श्रावणात मी पुण्याहून आंबोलीच्या घाटाने सावंतवाडीस गेलो. त्या प्रवासाची हकीकत मी घाटापासून नव्हे, तर टायरपासून सांगणार आहे.

ते झाले असे. माझ्या भाच्याला गोव्यात वेर्ण्याच्या एका कारखान्यात नोकरी लागली. भाच्याजवळ ३९० सी.सी.ची शर्यतीच्या घाटाची मोटारसायकल आहे. ऑस्ट्रियात कल्पिलेली, चाकणला घडलेली, त्रेचाळीस-चव्वेचाळीस अश्वशक्तीची, आणि बसणाऱ्याला धनुष्यासारखी वाकवणारी. गाडी रेल्वेने पाठवावी आणि आपण बसने जावे, हे त्याच्या वयाला शोभणारे नव्हते. ताईने, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीने, दोन अटी घातल्या. "एक तर ते टायर बदलायचे. आणि दुसरं म्हणजे मामा बरोबर जाईल."

मला कोणी विचारले नाही. पण माझी दीडशे सी.सी.ची साधी मोटारसायकल आणि निवृत्तीनंतरचा मोकळा वेळ या दोन्ही गोष्टी ताईला पक्क्या ठाऊक होत्या. शिवाय मला बाजूला घेऊन ती हळूच म्हणाली, "हे बघ, जायला मी नाही म्हणत नाही. पण दर सणावाराला तो त्याच घाटातून येणार-जाणार. मला एवढंच सांग, कुठला टायर घेतला म्हणजे मी रात्री झोपू शकेन?"

प्रश्न साधा होता. उत्तर शोधायला तीन दिवस आणि पावणेचारशे किलोमीटर लागले.

जुना टायर बोलतो

नवा टायर घेण्याआधी जुना नीट पाहावा, असे मी भाच्याला सांगितले. जुना टायर ही गाडीवाल्याची पत्रिकाच असते, आणि ती मांडायला ज्योतिषी लागत नाही.

भाच्याच्या मागच्या टायरने चौदा हजार किलोमीटर खाल्ले होते. मधोमध तो पार सपाट झाला होता. मूळचा गोलवा जाऊन त्याला अंगठ्याला जाणवतील अशा दोन कडा आल्या होत्या. दोन्ही बाजूंना मात्र नक्षी जवळजवळ कोरी, आणि अगदी काठावर कारखान्यातून येताना असतात त्या रबराच्या बारीक मिशासुद्धा शाबूत!

"काय रे," मी म्हटले, "वळणावर गुडघा टेकवतोस ना तू? या मिशा तर काही वेगळंच सांगताहेत."

भाचा कानापर्यंत लाल झाला. टायर खोटे बोलत नाही. त्याचे म्हणणे असे होते, की हा मुलगा रोज सिंहगड रस्त्यावरून हिंजवडीला सरळ जातो आणि सरळ परत येतो. वर्षातून चार वेळा घाट पाहतो, आणि तेथेही शहाण्यासारखा चालवतो. मामाला हे वाचून फार बरे वाटले. भाच्याला तितकेसे वाटले नसावे.

नक्षीच्या खाचांतून अधूनमधून रबराची एक लहानशी आडवी पट्टी असते. टायर झिजत झिजत त्या पट्टीच्या पातळीला आला, की त्याचे आयुष्य सरले. आपल्याकडच्या नियमाप्रमाणे दुचाकीच्या टायरवर निदान ०.८ मिलिमीटर खोलीची नक्षी उरलेली असावी लागते. पण कायद्याची ती शेवटची पायरी आहे. पावसाळ्यात इतक्या खाली उतरून पाहू नये. कोरड्या रस्त्यावर नक्षीचे फारसे काम नसते. शर्यतीचे टायर तर तुळतुळीत असतात. नक्षी असते ती पाण्यासाठी. रस्ता आणि रबर यांच्यामध्ये शिरलेले पाणी खाचांतून बाजूला फेकले गेले, तरच रबराला रस्ता सापडतो. ते फेकले गेले नाही तर चाक पाण्यावर चढते, आणि मग ब्रेक, हँडल आणि नवस यांचा उपयोग सारखाच.

नाना पेठेत

दुसऱ्या दिवशी आम्ही नाना पेठ गाठली. मोटारी आणि दुचाकी यांच्या सुट्या भागांसाठी ही पेठ पुण्यात प्रसिद्ध आहे. एका बाजूला आरसे लटकताहेत, एका बाजूला सीट शिवली जाते आहे, मध्येच एक हातगाडी भज्यांची, आणि या सर्वांवर रबराचा तो उग्र, थोडासा गोडसर वास. दुकानाच्या दारात टायरांचे मनोरे उभे होते. एमआरएफ, सीएट आणि अपोलो ही आपली मंडळी, आणि आतल्या बाजूला कागदात गुंडाळलेले मिशेलिन, पिरेली, मेट्झेलर हे पाहुणे. पाहुण्यांचा भाव पाहुण्यांसारखाच. जून २०२० मध्ये सरकारने परदेशी टायरांच्या आयातीवर परवान्याचे बंधन घातले. तेव्हापासून पाहुणा कधी येतो, कधी येत नाही, आणि आला की तोऱ्यात असतो.

भाच्याचा हात सरळ एका पाहुण्यावर गेला. अत्यंत मऊ रबर, नक्षी नावापुरती. शर्यतीत धावणाऱ्या टायराचा हा धाकटा भाऊ. "मामा, याच्यासारखी ग्रिप दुसऱ्या कशाला नाही."

त्याचे म्हणणे अर्धे खरे होते. उरलेले अर्धे दुकानाच्या मालकांनी सांगितले. हे गृहस्थ साठीचे, कपाळाला गंध, बोटे कायमची काळी.

"साहेब, हा टायर गरम झाला की गोंदासारखा धरतो. पण गरम व्हायला हवा ना? रेसवाले गाडी काढण्याआधी टायरला पांघरूण घालून तापवतात. तुम्ही सकाळी सहाला पावसात निघणार. तुमचा टायर तापायचा कधी?"

मला सप्टेंबर २०२३ मधली ग्रेटर नोएडाची शर्यत आठवली. बुद्ध सर्किटवर जगातले पहिल्या प्रतीचे मोटारसायकलस्वार आले होते. उन्हाची काहिली अशी, की २४ फेऱ्यांची शर्यत २१ फेऱ्यांवर आणावी लागली. म्हणजे सारी शर्यत जेमतेम शंभर किलोमीटरांची. त्या टायराने तेवढे शंभर किलोमीटर जीव तोडून धरले, की त्याचे जन्माचे सार्थक झाले. पुढच्या आठवड्यात त्याला कोणी विचारीत नाही. आमच्या टायरला मात्र पुण्यापासून गोव्यापर्यंत आणि या दिवाळीपासून पुढच्या दिवाळीच्याही पुढे जायचे होते.

मालकांनी मग टायरांची कुळे सांगितली. पहिले कूळ मऊ रबराचे. पकड भरपूर, आयुष्य थोडे, थंडी-पावसात नाराज. दुसरे टोक कडक रबराचे. स्वस्त, चिवट, वर्षानुवर्षे झिजत नाही, पण ओल्या रस्त्यावर भरवसा नाही. "हा टायर मरत नाही साहेब," मालक म्हणाले, "एवढंच त्याचं कौतुक." आणि या दोहोंच्या मध्ये तिसरे कूळ, लांबच्या प्रवासाचे. याच्या मधल्या पट्ट्यात रबर जरा कडक असते, कारण सरळ रस्त्यावर तोच पट्टा झिजतो. बाजूंना ते मऊ असते, कारण वळणावर गाडी कलली म्हणजे तीच बाजू जमिनीला भिडते. एकाच टायरात दोन स्वभाव! शिवाय रबरात सिलिका मिसळलेली असते. टायराचा काळा रंग कार्बनच्या काजळीचा. ती रबराला झिजू देत नाही. सिलिकामुळे रबर थंडीतही लवचिक राहते आणि ओल्या रस्त्याला बिलगते. नक्षीही खोल आणि भरपूर.

एवढी विद्या या काळ्या कड्यात कोठून आली, असे कोणालाही वाटेल. हवा भरलेल्या चाकाचे पहिले पेटंट १८४५ साली थॉमसन नावाच्या स्कॉटिश माणसाने घेतले, आणि लोक ते विसरून गेले. १८८८ मध्ये बेलफास्टच्या डनलॉप नावाच्या जनावरांच्या डॉक्टराने ते पुन्हा शोधून काढले. निमित्त काय, तर आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलीला दगडी रस्त्यावर बसणारे धक्के. म्हणजे या शोधाच्या मुळाशीदेखील मुलाची काळजीच होती. ताईला हे सांगितले तेव्हा ती म्हणाली, "असणारच."

भाच्याने शेवटचा डाव टाकला. "निदान मागचा एक नंबर रुंद घेऊ. दीडशेच्या जागी एकशेसाठ. दिसायलाही भारी दिसतो."

आता मिस्त्री पुढे आला. आतापर्यंत तो एका स्कूटरचे चाक खोलीत मुकाट्याने ऐकत होता. "रिम चार इंचाची आहे दादा. एकशेसाठचा टायर तिच्यावर चिमटून बसणार. मग त्याचा गोल बिघडला, गाडी वळायला जड झाली. टायर रुंद घेतला म्हणून पकड वाढत नसते. मापाचा घेतला म्हणजे वाढते."

तेव्हा माप कायम राहिले. पुढे ११०/७०, मागे १५०/६०, दोन्ही सतरा इंची, दोन्ही रेडियल आणि दोन्ही एकाच कुळातले. पुढचा एका जातीचा आणि मागचा दुसऱ्या जातीचा, असा आंतरजातीय विवाह माणसांत अवश्य व्हावा. टायरांत करू नये. ओल्या वळणावर दोघांचे मत निराळे पडते.

हे आकडे वाचायला घरातल्या प्रत्येकाने शिकावे, म्हणून येथे सांगून ठेवतो. १५० म्हणजे रुंदी, मिलिमीटरमध्ये. ६० म्हणजे टायराची उंची त्या रुंदीच्या साठ टक्के. 'आर' म्हणजे रेडियल, १७ म्हणजे रिमचा व्यास इंचांत. त्यापुढे ६६एच असे होते. ६६ या अंकाचा अर्थ हा टायर ३०० किलो भार पेलतो, आणि 'एच' या अक्षराचा अर्थ ताशी २१० किलोमीटरपर्यंत तो जबाबदार आहे. (त्यापुढे आणि त्याच्या पुष्कळ आधीही जबाबदार आपण.) आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे बाजूवर एका लांबट चौकटीत कोरलेले चार आकडे. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. २३२४ असेल तर टायर २०२४ सालच्या तेविसाव्या आठवड्यात जन्मला. दूध घेताना आपण पिशवीवरची तारीख पाहतो. टायर घेताना कोण पाहतो?

आम्ही पाहिली. टायर तीन महिन्यांचे बाळ होते. कंपनीचे नाव मी सांगत नाही. दिवाळी अंकात जाहिरातींची पाने वेगळी असतात. किंमत मात्र सांगतो. कडक टायरांहून ती बरीच अधिक पडली आणि भाच्याच्या लाडक्या पाहुण्याहून बरीच कमी. मिस्त्रीने बाजूवरचा फिरण्याच्या दिशेचा बाण पाहून टायर चढवले, व्हॉल्व्ह नवे घातले, चाके तोलून पाहिली आणि हवा भरली.

"साहेब," जाताना मालक म्हणाले, "पहिले शे-दीडशे किलोमीटर सांभाळून. नवा टायर लाजरा असतो. त्याची लाज रस्त्यावर घासूनच जाते."

पहिले शंभर किलोमीटर

पहाटे निघालो. पुढे भाचा, मागे मी. कात्रजचा बोगदा मागे पडला तेव्हा आकाश भरून आले होते, पण पाऊस नव्हता. नवा टायर खरोखरच लाजरा असतो. त्याचा पृष्ठभाग साच्यातून निघालेला, अगदी नितळ असतो. रस्त्याच्या खडबडीतपणाने तो जरा खरवडला गेला, की मग खरी पकड येते. तोपर्यंत एकदम वेग नाही, एकदम ब्रेक नाही, एकदम कलणे नाही. भाच्यासारख्या मुलाला हे उपासासारखे कठीण. श्रावणच होता, तेव्हा उपास साजरा झाला.

शिरवळ मागे टाकून खंबाटकीच्या घाटरस्त्याला लागलो. वळणे रुंद आणि सौम्य. मी मागून पाहत होतो. पहिल्या वळणावर गाडी थोडी कलली, दुसऱ्यावर जरा अधिक, तिसऱ्यावर आणखी जरा. नवीन सून घरात हळूहळू रुळावी तसे टायर काठाकडे रुळत होते. वर पोचल्यावर थांबून पाहिले, तर मधला काळा तुकतुकीतपणा गेला होता आणि दोन्ही बाजूंना बोटभर रुंदीचा राखी पट्टा उमटला होता.

सातारला पोहोचेपर्यंत ऊन पडले. अजिंक्यतारा धुऊन ठेवल्यासारखा हिरवागार उभा होता. आम्ही कंदी पेढे घेतले. भाचा हवा तपासू म्हणाला, तेव्हा मी त्याला थांबवले. चालून आलेल्या टायरातली हवा तापून फुगलेली असते. काटा नेहमीपेक्षा जास्त दाखवतो, आणि माणूस हवा सोडून बसतो. हवा पाहायची ती सकाळी, टायर गार असताना, गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तकातला आकडा समोर ठेवून. किमती टायर घेऊन त्यात अदमासे हवा मारणे म्हणजे पैठणी नेसून तिचा पदर चिखलात सोडणे होय.

कराडच्या पुढे रस्त्याने आपला खरा चेहरा दाखवला. कोठे रुंदीकरणाची खोदाखोद, कोठे खडी, कोठे शेतातून रस्त्यावर आलेल्या ट्रॅक्टरने वाटलेली काळी माती. कृष्णाकाठची माती फार सुपीक, पण ती उसाने पाहावी, टायरने नव्हे. अशा मातीवर जगातला कोणताही टायर धरत नाही. तेथे धरतो तो फक्त चालवणाऱ्याचा धीर.

कोल्हापूरची चप्पल

पंचगंगेचा पूल ओलांडून कोल्हापुरात शिरलो, अंबाबाईचे दर्शन घेतले आणि जेवण आटोपले. तांबड्या रश्श्याविषयी लिहिण्याचा मोह मी आवरतो, कारण श्रावण होता आणि ताई हा अंक वाचणार आहे.

भाच्याला वडिलांसाठी चप्पल घ्यायची होती. कोल्हापुरी चप्पल हे आपल्या मुलखाचे भूषण. बाभळीच्या सालीने आणि हिरड्याने कमावलेले चामडे, हाताची शिवण, वर्षानुवर्षे पायाला सोबत. २०१९ मध्ये महाराष्ट्र आणि कर्नाटक या दोन्ही राज्यांतल्या कारागिरांना मिळून तिचे भौगोलिक मानांकन लाभले. कारागीर मोठ्या प्रेमाने जोड दाखवत होता. भाच्याने विचारले, "पावसात चालेल का?"

कारागिराने जोड हळूच मागे ओढून घेतला. "पावसात घालणार असाल तर आत्ता नेऊ नका. दिवाळीला या. चप्पल वाईट नाही, पण तिचे दिवस वेगळे आहेत."

भाचा माझ्याकडे पाहून हसला. नाना पेठेत दोन तास बोलून जे त्याच्या मनात पुरते उतरले नव्हते, ते कोल्हापुरात एका वाक्यात उतरले. ते मऊ, पाहुणे टायर वाईट नव्हते. त्यांचे दिवस वेगळे होते, त्यांचा रस्ता वेगळा होता.

निपाणीला हमरस्ता सोडला आणि उत्तूर-आजऱ्याच्या वाटेला लागलो. येथून प्रवासाची चव पालटते. दोन्ही बाजूंना भाताची खाचरे, पाण्यात गुडघाभर उभ्या बाया, डोक्यावर इरली किंवा प्लॅस्टिकचे कागद. आजऱ्याचा घनसाळ तांदूळ शिजताना शेजारच्या घरी कळतो म्हणतात. रस्ता मात्र गोधडीसारखा, ठिगळाला ठिगळ लावलेला. मध्येच गुरे, मध्येच शेणाचा सडा, मध्येच न सांगता आलेला गतिरोधक. शर्यतीची गाडी येथे अगदी गरीब होऊन चालत होती. हळूहळू माती तांबडी झाली, झाडी दाट झाली, हवेत गारवा आला, आणि पहिली सर कोसळली.

आंबोली

महाराष्ट्रात सर्वांत अधिक पाऊस झेलणाऱ्या गावांत आंबोलीचे नाव अग्रभागी आहे. तेथे पाऊस पडतो असे म्हणणे बरोबर नाही. तेथे तो राहतो. हिरण्यकेशी नदी येथे उगम पावते. कावळेसादच्या कड्यावर दरीतून येणारा वारा खाली पडणारे पाणी उलटे वर उडवतो. मक्याची कणसे भाजणाऱ्या गाड्यांवरचा धूर आणि धुके यांतला फरक नाकाशिवाय कळत नाही.

चहाच्या टपरीशी एक मोटारसायकल आडोशाला उभी होती आणि तिच्या शेजारी एक मुलगा कोपर धरून बसला होता. भाच्याच्याच वयाचा. घाट चढताना वळणावर मागचे चाक निसटले आणि गाडी आडवी झाली. मागून कोणी येत नव्हते म्हणून कोपर आणि पँटीचा गुडघा यांवर निभावले. टपरीवाल्या मावशींनी हळद आणली, आमच्या पिशवीतून पट्टी निघाली.

"टायर तर चांगले आहेत हो," तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. "नक्षी बघा ना, नव्यासारखी आहे."

नक्षी खरोखर नव्यासारखी होती. भाचा खाली वाकला. त्याने बोटाने चिखल पुसला आणि ती लांबट चौकट शोधून काढली. आकडे होते १२१८. म्हणजे २०१८ सालचा मार्च महिना. गाडी जुनी घेतलेली, आधीच्या मालकाने ती बरीच वर्षे उभी ठेवलेली. रबर न झिजता म्हातारे झाले होते. नखाने दाबले तर जुन्या खोडरबरासारखे कडक, आणि खाचांच्या तळाशी केसांएवढ्या भेगा. झिजलेला टायर निदान आपले वय चेहऱ्यावर दाखवतो. हा तर तरुण चेहऱ्याचा म्हातारा.

मुलगा त्या चार आकड्यांकडे बराच वेळ पाहत राहिला. मग त्याने खिशातून फोन काढला आणि घरी "पोचलो, जेवलो" एवढेच कळवले. गाडी तेथेच ठेवून तो एस.टी.ने जाणार होता. मावशींनी ती पुढच्या पडवीत घ्यायला सांगितले. आम्ही दोघांनी ती ढकलत नेली.

तेथून घाट उतरताना भाचा एक शब्द बोलला नाही. उतार, धुके, उजव्या अंगाला पाण्याने निथळणारा कडा, डावीकडे पांढरी पोकळी. सावलीत राहिलेल्या डांबरावर शेवाळाची हिरवट झाक, वळणावळणावर अवजड गाड्यांनी सांडलेल्या डिझेलचे इंद्रधनुष्य. या दोन गोष्टींवर आणि रंगवलेल्या पांढऱ्या पट्ट्यांवर चांगल्या टायरचाही इलाज नाही. त्या टाळायच्याच असतात.

मी मागून त्याच्या मागच्या चाकाकडे पाहत होतो. चाक पुढे जाई तसा ओल्या रस्त्यावर खाचांनी काढलेला वेलबुट्टीचा एक ठसा क्षणभर उमटे. तेवढ्या जागेतले पाणी बाजूला फेकलेले असे, आणि मी तेथे पोचेपर्यंत ते पुन्हा मिळून जाई. तेवढ्याच क्षणभराच्या कोरड्या तुकड्यावर माझ्या बहिणीचा मुलगा घाट उतरत होता.

धबधब्याच्या खालच्या एका वळणावर धुक्यातून एकदम एस.टी. वर आली. घाटात ड्रायव्हरला वळण घ्यायला सारा रस्ता लागतो. त्याचा काही दोष नाही. भाच्याचा ब्रेकदिवा लागला. पुढचे चाक किंचित दबले. मी श्वास धरला. गाडी ना सरकली, ना डगमगली. कडेच्या बाजूला सरळ रेषेत हळू होत गेली आणि थांबली. एस.टी. हॉर्न वाजवून, आमच्यावर तांबडे पाणी उडवून निघून गेली. सारे मिळून चार सेकंद.

टायरने धरले, हे खरे. पण तो ताशी पंचवीस किलोमीटरने उतरत होता, हेही खरे. पन्नासने उतरत असता तर टायराची शिफारस कोणत्या तोंडाने केली असती, कोण जाणे.

खाली दाणोलीला पाऊस मागे राहिला. सावंतवाडीच्या मोती तलावाकाठी दिवे लागले होते. चितारआळीत लाकडाची रंगीत फळे आणि खेळणी मांडलेली होती. भाच्याने एक लाकडी मोटार उचलली, उलटी केली, तिची लहानशी चाके बोटाने फिरवून पाहिली आणि दुकानदाराला गंभीरपणे विचारले, "याच्यावर तारीख कुठं असते?" दिवसभरात तो पहिल्यांदा मोकळा हसला. रात्री खाणावळीत त्याने आईला फोन केला. त्याने वळण सांगितले नाही, मीही सांगितले नाही. आता हा अंक वाचून तिला कळेल, आणि मला बोलणी बसतील.

ताईच्या प्रश्नाचे उत्तर मी तिला सावंतवाडीहून पत्राने कळवले. फोनवर अशा गोष्टी नीट सांगता येत नाहीत. लिहिले ते इतकेच: जो टायर स्वप्नातल्या रस्त्याचा नाही, रोजच्या रस्त्याचा आहे, मापाचा आहे, वयाने तरुण आहे आणि ज्यात हवा बरोबर आहे, तो तुझ्या मुलाला मिळाला आहे. त्यावर बसणाराही आज घाटात थोडा मोठा झाला. आता झोप.

वाचकहो, दिवाळीच्या सुटीत तुमच्यापैकी पुष्कळजण कोकणात, देवाला, माहेरी निघतील. फराळाचे डबे बांधून झाले, की पाच मिनिटे अंगणात या. गाडी स्कूटर असो, मोटार असो की चिरंजिवांची शर्यतीची मोटारसायकल, खाली वाका आणि बाजूवरचे ते चार आकडे मुलांकडून वाचून घ्या. मुलांना कोडे सोडवल्याचा आनंद मिळेल. आणि आकडा फार जुना निघाला, तर एखादा फटाक्यांचा बॉक्स कमी आणा.